बरडावरची जागा

डॉक्टर,

जे अजून कोणालाच सांगितलेलं नाही, ते आधी लिहून टाकतो. नाहीतर माझं नेहमीचंच होईल. इकडचं तिकडचं बोलेन, चहाचा कप पालथा घालेन आणि उठून जाईन.

तुम्हाला अंबाजोगाईच्या सरकारी इस्पितळातून आणून तुमच्या दवाखान्यापुढच्या ओट्यावर ठेवलं, तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णा आले. आपल्या भागात लग्न असो की मयत, अण्णा आल्याशिवाय पुढचं काही ठरत नाही, हे तुम्हालाही पाठ होतं. तुमच्या पायाशी हार ठेवून ते वळले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मारुती, तू शेजारी. डाक्टरांचं तुला सगळं ठावं. मागं काय सांगून ठिवलंय का त्यांनी? कसं करायचं, कुठं करायचं?"

मी म्हणालो, "न्हाई. काय न्हाई."

तुम्ही सांगून ठेवलं होतं. दरवर्षी सांगत होता. जाळायचं नाही, पुरायचं, आणि ते कुठं, हे तुम्ही मला पायानं माती उकरून दाखवलं होतं. ही जबाबदारी तुम्ही परळीत दुसऱ्या कुणावर टाकलेली नव्हती, आणि मी "न्हाई" म्हणालो.

"मग झालं तर," अण्णा म्हणाले. "डाक्टर आपला माणूस. वैजनाथाच्या गावात देह ठिवला, अजून काय पायजे? वाजतगाजत न्यायचं. पोरगं न्हाई त्यांना, तर मारुतीच पाणी पाजंल."

गर्दीनं माना डोलावल्या. कुणीतरी मला खांद्याला धरून न्हाव्यापुढं बसवलं. किती वर्षं मी तुमच्या खुर्चीत आ करून बसायचो आणि तुम्ही एकटेच बोलत राहायचा. त्या दिवशी बोलायची पाळी माझी होती. माझ्या तोंडात कुणाचाही हात नव्हता.

तुम्हाला पाणी मीच पाजलं. मडकं खांद्यावर घेऊन फेरे मीच मारले. अग्नी मीच दिला, डॉक्टर.

तुम्ही परळीत आलात, तेव्हा मी कॉलेज अर्धवट सोडून बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान टाकलं होतं. औष्णिक केंद्रामुळं कुठकुठली माणसं येऊन राहिलेली, त्यात एक चिनी दातांचा डॉक्टर आला याचं गावाला फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते हा माणूस भाड्याच्या गाळ्याला स्वतःच्या हातानं रंग देतो याचं. वीज आपल्याच गावात तयार होते आणि जाते तीही पहिली आपल्याच गावातली. एकदा एका बाईचा दात अर्धा कोरून झाला आणि लाईट गेली. तुम्ही माझ्या दारात आलात.

"भाई, बॅटरी मिलेगी? औरत मुँह खोल के बैठी है."

मी ट्रॅक्टरची बॅटरी आणि एक जुनाट इन्व्हर्टर जोडून दिला. तुमची मशीन घरघरायला लागली. बाई ओरडली, तुम्ही हसलात, आणि माझ्याकडं बघून हात जोडलेत. आपली सुरुवात ही अशी.

शेंग हे तुमचं आडनाव. गावानं पहिल्या वर्षातच त्याचं शेंगे करून टाकलं. लाईटबिलावर शेंगे, लग्नपत्रिकेवर शेंगे. तुम्ही आधी दुरुस्त करायचा, मग सोडून दिलंत. "शेंगे तर शेंगे. लोक घरात घेताना नाव आपल्या मापाचं करतात," असं म्हणायचा. मला ते फार आवडायचं. आता गल्लीच्या तोंडाला बॅनर लागलाय, फेटा बांधलेला तुमचा फोटो आणि खाली कै. डॉ. शेंगे. मी त्या बाजूनं जायचं टाळतो.

माझ्या आईचे दात तुम्हीच केलेत. आयुष्य मेंढरांमागं गेलेली बाई. तोंडाचं पार बोळकं झालं, तरी दवाखान्यात यायला तयार नव्हती. "मेल्यावर काय दात इचकायचे हायत का?" म्हणायची. तुम्ही तिला मावशी म्हणून खुर्चीत बसवलंत.

"मावशी, हसा."

"हसाया काय झालंय?"

"दात बसवायचेत. हसल्याशिवाय कळत नाही किती दिसले पाहिजेत."

"पांढरेफेक नकोत बाबा. सोंग दिसंल माझं."

तुम्ही पांढरेफेक केलेच नाहीत. जरा पिवळसर, आणि समोरचा एक दात शेजारच्यावर थोडा चढलेला. तिचा तसाच होता, अगदी तरुणपणापासून. तोंडात उरलेले दोन-चार काढताना तुम्ही ते बघून ठेवलं असणार. आईनं आरसा घेतला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "आगं माय, ह्यो तर माझाच हाय!" मग त्या दातांनी तिनं भाकरी कधी खाल्ली नाही. भाकरी हिरड्यांनी, दात लग्नापुरते. तुम्ही विचारलंत की रागवायची, "चांगली वस्तू रोज वापरत्यात व्हय?" ती गेली तेव्हा तुम्ही मयतीत माझ्या शेजारी होतात. तिला सरणावर ठेवलं तेव्हा तुम्ही मान फिरवलीत. मला वाटलं, दुःखानं. बऱ्याच वर्षांनी सांगितलंत की तुम्हाला आगीकडं बघवत नाही. "आपलं माणूस आपणच पेटवायचं, हे मला जमलं नसतं, मारुती."

हे तुम्ही मला सांगितलं होतं. हेही.

तुमच्या वडलांचं मला कळलं ते एका चैत्रात. तुमच्या पाण्याच्या टाकीत काहीतरी अडकलं होतं म्हणून मी गच्चीवर आलो, तर तुम्ही उन्हात उभे. पुढं कोऱ्या कापडावर तीन संत्री, एक भाताची वाटी, उदबत्ती, आणि तुम्ही वायव्येकडं तोंड करून कमरेत वाकताय. मी परत फिरायला लागलो. तुम्ही म्हणालात, "ये. लपवण्यासारखं काही नाही. आमच्यात या दिवसांत आईबापाची थडगी झाडतात. गवत काढायचं, पाणी घालायचं, शेजारी बसून जेवायचं. माझ्याकडं झाडायला थडगं नाही, म्हणून गच्ची झाडली."

मग त्या तापलेल्या गच्चीवर बसून तुम्ही सगळं सांगितलंत. आसामातलं वडलांचं दातांचं दुकान. बासष्टच्या लढाईनंतर पोलीस आले आणि म्हणाले, थोडे दिवस चला. तुम्ही सात वर्षांचे. गाडीत घालून सगळ्यांना राजस्थानातल्या छावणीत नेलं, चिनी तोंडाचे एवढाच गुन्हा. वडील तिथंच आजारी पडून गेले. छावणीबाहेरच्या वाळूत पुरलं आणि वर एक दगड ठेवला. तुमच्या आईनं तुमचा हात त्या दगडावर दाबून धरला होता, लक्षात राहावा म्हणून. सुटून परत गेलात तर दुकान आणि घर लिलावात गेलेलं. तिथून कलकत्ता, मामाच्या हाताखाली दातांचा धंदा, आणि मग जिथं चिनी माणूस एकही नाही अशा गावाच्या शोधात परळी.

"असं गाव कावून शोधलं?" मी विचारलं.

"चार असले की ते चार चिनी होतात. एकटा असला की तो फक्त डॉक्टर होतो."

तुम्ही हसून बोललात. मला हसू आलं नाही.

नंतर एकदा आपण दोघं गेलतो तिकडं, राजस्थानात. तुमची बायको तुमच्या मुलीच्या, लिलीच्या शिक्षणापायी तिला घेऊन कॅनडात गेली होती, तिथंच आजारपणात वारली, आणि तुम्ही तिच्या मातीला वेळेवर पोचू शकला नव्हता. कॅनडाहून परत आलात आणि म्हणालात, "चल, वडलांना शोधू." मी दुकान बंद केलं आणि निघालो. आयुष्यात केलेल्या थोड्या चांगल्या गोष्टींमधली ती एक, म्हणून लिहितोय. छावणीच्या जागेभोवती काटेरी तार, आत जायची परवानगी नाही. बाहेरच्या बाजूला नुसतं सपाट माळरान आणि बाभळी. एक म्हातारा शेळ्या चारत होता. मी मेंढक्याच्या घरचा, त्याच्याशी लगेच जमलं. शेळ्यांचं विचारलं, पाण्याचं विचारलं, मग थडग्यांचं विचारलं. तो म्हणाला, होती खरी, त्याच्या लहानपणी दिसायची. मग कुठं बांध घातला, कुठं रस्ता केला, दगड त्यात गेले. "अब तो सब बराबर हो गया, भाई."

तुम्ही चपला काढल्या आणि त्या रानात नुसतेच फिरत राहिलात. एका जागी थांबायचात, मग नाही म्हणून पुढं. मी तारेपाशी उभा. ऊन डोक्यावर आलं, तसे तुम्ही कुठंतरी एका जागी बसलात, संत्रं सोललंत, अर्धं मातीवर ठेवलंत आणि अर्धं मला दिलंत. "खा. पंगत आहे." मी खाल्लं.

परतीच्या गाडीत मनमाडला तुम्ही शेंगा घेतल्यात. मग म्हणालात, "माणूस मेल्यावर त्याला पत्ता पाहिजे, मारुती. लिलीनं माझ्यासारखं तारेपुढं उभं राहू नये. एवढंच बघायचंय मला आता. परळीत एक जागा बघ. डोंगराच्या अंगाला असली तर बरं."

मी शेंगा सोलत होतो. मान वर न करता म्हणालो, "त्यात काय एवढं. आमचं बरड हाय की."

इतक्या सहज बोललो. मागणाऱ्यानं आयुष्यभराचं मागितलं, आणि मी चहा पाजतो म्हटल्यासारखं हो म्हणालो.

आमचं बरड तुम्हाला दाखवायला नेलं तो दिवस. मागं डोंगर, पुढं उतार, उताराखाली पाझर तलाव. कुसळं आणि दगड, त्यात काही पिकत नाही, चुलतभावाची मेंढरं तिथं चरतात. तुम्ही उभे राहून चारी बाजूंनी बघितलंत. पाणी कुठून येतं, कुठं जातं, वारा कुठला, हे विचारलंत. मग टोपी छातीवर ठेवून चक्क आडवे झालात.

"डॉक्टर, उठा. मुंग्या हायत."

"मेल्यावर चावत नाहीत. लांबी बघू दे."

एक मेंढी आली आणि तुमचा बूट हुंगायला लागली. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "पहिली पाहुणी." मी इतका हसलो की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही उठलात, अंगाची कुसळं काढलीत, टाचेनं मातीत रेघ ओढलीत आणि म्हणालात, "इथं. तोंड पाण्याकडं. भावाला विचारून घे. त्याच्या मनाविरुद्ध मला पडायचं नाही."

बरड माझं एकट्याचं नव्हतं. थोरल्या भावाचं आणि माझं, वाटणी न झालेलं. मी दादाला विचारलं, गोठ्यात, तो वैरण टाकत असताना. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"चिन्याची कबर? आपल्या बरडात? येडा हायस का बे? आज कबर, उद्या चादर, परवा उरूस. कंदुरीचं बोकड पुन्हा आपल्याच कळपातलं. आन तू बसशील तिथं मोरपिसं घिऊन लोकाच्या डोस्क्यावर मारीत."

मी हसलो. काय करणार, बोललाच होता तसं. हसलो आणि वैरण टाकू लागलो. तेवढीच ती बातचीत. परत तो विषय मी काढला नाही.

तुम्ही विचारलंत, "भाऊ काय म्हणाला?"

मी म्हणालो, "हो म्हणाला."

त्या दिवाळीला तुम्ही दादाच्या घरी मिठाईचा मोठा पुडा पाठवलात. दादा मला म्हणाला, "डाक्टर लई मायाळू. पर एवढी कावून पाठवली बे?" मी म्हणालो, "अशीच."

त्यानंतर दर चैत्रात तुम्ही बरडावर जाऊन यायचा. मी सोबत असायचो. तुम्ही रेघेवरचं गवत काढायचा, कारण आपल्या जागेची सवय करून घ्यावी म्हणायचा. मी शेजारी उभा राहून तुमचं समाधान बघायचो, आणि दरवेळी ठरवायचो की उद्या दादाला नीट बसवून सांगायचं. मला वाटायचं, वेळ आहे. तुमची तब्येत माझ्यापेक्षा चांगली होती.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, तेही इथं मांडतो. त्या वर्षी चीनच्या सीमेवर मारामारी झाली, आपले जवान गेले, गावोगाव चिनी मालाच्या होळ्या झाल्या. त्यात करोना. तुमच्या दारावर मराठी पाटी होती आणि तिच्या बाजूला तुम्ही स्वतः रंगवलेली दोन लाल चिनी अक्षरं, वडलांच्या आसामातल्या पाटीवर होती तशी. पोरं घोषणा देत आली आणि नेमकी आपल्या गल्लीत थांबली. तुम्ही बाहेर आलात. पुढच्या पोराच्या दाढेत तुमचंच सिमेंट होतं. तो बिचारा वरमून म्हणाला, "डाक्टर, तुमाला न्हाई वो. त्या चीनला म्हनतोत आमी."

"मग त्या बाजूला तोंड करून ओरडा," तुम्ही म्हणालात. पोरं हसली आणि पांगली. तिथंच संपलं असतं. पण संध्याकाळी मी आत येऊन तुम्हाला म्हणालो, "डॉक्टर, ती दोन अक्षरं काढा. उगं कशाला." मग स्टूल घेतलंत आणि खरवडून काढलीत. मी स्टूल धरलं. खाली उतरल्यावर तुम्ही म्हणालात, "पोरं ओरडत होती तेव्हा तू दुकानात होतास ना?"

"होतो की. लक्ष होतं माझं."

"तू माझ्या बाजूनं कधी बोललायस का रे? तू नुसता माझ्या बाजूनं गप्प बसतोस."

मला राग आला. म्हणालो, मी तुमच्यासाठी काय काय केलं ते. राजस्थानचं काढलं, बॅटऱ्यांचं काढलं. तुम्ही ऐकून घेतलंत. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन तुम्हीच आलात आणि काही न झाल्यासारखं बोलायला लागलात. उत्तर मी दिलंच नाही. मला ते सापडलं नव्हतं. तुमच्या ओट्यावर अण्णांनी विचारलं तेव्हा सापडलं. तुम्ही बरोबर होतात. फक्त एक चूक झाली तुमची. त्या दिवशी मी तुमच्या बाजूनंसुद्धा गप्प बसलो नाही. तोंड उघडलं आणि खोटं बोललो.

का बोललो? रोज स्वतःला विचारतो. पहिलं कारण असं सुचलं की अख्खं गाव तुम्हाला आपलं म्हणत होतं. घोषणा देणाऱ्यांतलीच पोरं तिरडी बांधत होती, रडत होती. अशा वेळी मी म्हणालो असतो की यांच्यात पुरतात, तर लोकांना पुन्हा आठवलं असतं की हा माणूस चिनी आहे. तुम्हाला त्यातून वाचवलं, असं मी मनाला सांगितलं. चांगलं कारण आहे. माझं रडणंही त्यामुळं खरं वाटलं मला.

पण ते टिकत नाही, डॉक्टर. महादप्पा कापडवाले तिथं होते. ते लिंगायत, त्यांच्यात पुरतातच. गावाला पुरण्याचं कसलं आलंय नवल? अण्णा बाजूला झाल्यावर महादप्पा माझ्याजवळ आले आणि कानाशी म्हणाले, "मारुती, यांच्यात पुरत्यात ना रे? मी ऐकलंतं. तसं आसंल तर सांग. अण्णाला मी सांगतो. आमच्या रुद्रभूमीत जागा मागून देतो."

बघा, मला दुसऱ्यांदा विचारलं गेलं. हळू आवाजात, गर्दीबाहेर, माझं काम स्वतःच्या अंगावर घेऊन. मी फक्त मान हलवायची होती.

मी म्हणालो, "तसलं आता काय ऱ्हायलं न्हवतं त्यांचं, अप्पा. ते आपल्यातलेच झालते."

म्हणजे गर्दीची भीती नव्हती. तुम्हाला कुठंही पुरलं असतं, तरी कुणीतरी विचारलं असतं, बरडाचं काय झालं? तुम्ही कुणाकुणाजवळ बोलला असाल, लिलीला नक्कीच सांगितलं असेल. मग दादापाशी विषय निघाला असता, आणि मी तुम्हाला इतकी वर्षं खोटं सांगत होतो हे उघडं पडलं असतं. अण्णांनी "वाजतगाजत न्यायचं" म्हटलं तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. खरं सांगतो. तुम्ही समोर पडलेले असताना मला सुटल्यासारखं वाटलं. यापेक्षा घाण गोष्ट माझ्या हातून झाली नाही, आणि ती हातून झालीही नाही, नुसती आतल्या आत झाली. कुणाला दिसली नाही.

आग धरेना आधी. पोरांनी डिझेल ओतलं. मी बघत राहिलो. तुम्हाला जे बघवत नव्हतं, ते मी तुमच्या वतीनं शेवटपर्यंत बघितलं, जणू त्यानं काही फिटणार होतं.

सावडायला गेलो तर राखेत तुमचे दात सापडले. परळीत राख ही काय नवी गोष्ट आहे? औष्णिक केंद्राची राख आपल्या छपरांवर, पानांवर, तुमच्या खुर्चीच्या हातांवर रोज बसते आणि आपण रोज पुसतो. ही मात्र गरम होती. गुरुजी म्हणाले, "दात बी घ्या." मी एकेक उचलला. तुम्ही सगळ्या गावाचे दात हातात धरलेत, तुमचे कुणी धरले नव्हते. मडक्यात टाकले. गंगाखेडला गोदावरीत उतरलो आणि गुरुजी काठावरून म्हणाले, "पुरतं रिकामं करा, काही मागं ठेवू नका." मी मडकं उलटं केलं. आत बोट फिरवून धुतलंसुद्धा. चिमूटभर तरी ठेवावी हे मला सुचलं ते परत येताना, जीपमध्ये. तोवर तुम्ही वाहून गेलेले होतात.

तेव्हापासून लोक मला मान देतात. बोडकं डोकं बघून हॉटेलवाला चहाचे पैसे घेत नाही. "पोटच्या पोरानं केलं नसतं येवढं," म्हणतात. शोकसभेत माझ्या हातात माईक दिला. मी "डॉक्टर लई चांगले होते" म्हणालो आणि बसलो. लोकांना वाटलं, कंठ दाटला.

तेराव्याला दादा आला. पंगत उठल्यावर आम्ही दोघं मांडवात बसलो होतो. सुपारी कातरता कातरता तो म्हणाला, "माणूस सोन्यासारखा गेला बे. तू मागं एकदा बरडाचं म्हनलतास न्हवं? त्यांच्यासाठी?"

मी म्हणालो, "म्हनलतो. तू न्हाई म्हनलास."

"मी कदी न्हाई म्हनलं? चेष्टा केली तुझी. तू बी हसलास. मला वाटलं तू बी चेष्टाच करतुयास." सुपारीचं खांड त्यानं तोंडात टाकलं. "दिली असती की जागा. त्यात काय पिकतंय? तू परत इचारलंच न्हाईस."

डॉक्टर, मी मांडवातून उठलो आणि मागच्या बाजूला जाऊन पंगतीच्या पत्रावळी गोळा करू लागलो.

आता लिलीचं. तिला मी कळवलं होतं तेवढंच, की बाबा गेले, शेवटचं सगळं नीट झालं, गाव लोटलं होतं. ती रडली आणि काही विचारलं नाही. परवा फोन आला. तीस वर्षं तिकडं राहून पोरीचं मराठी अजून आपल्या गल्लीतलं आहे. म्हणाली, "काका, तिकीट काढलंय. चैत्रात येते, झाडायच्या दिवसांत. बाबा बरडाचं सारखं सांगायचे, फोटो पाठवलेत त्यांनी मला. तुमच्या दादांनी जागा दिली म्हणून किती खूश होते. मी संत्री तिथंच घेईन ना? परळीत मिळतात ना या दिवसांत?"

मी म्हणालो, "मिळतात."

"काका, बाबांना तोंड पाण्याकडं करून ठेवलंय ना?"

मी म्हणालो, "तू ये, बाळा. मग बोलू." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बरडावर गेलो. तुमची रेघ आता दिसत नाही, पण जागा मला माहीत आहे. मी दगड गोळा करायला लागलो. मोठे, चपटे. लांबीनं रचायला लागलो. खरंच रचत होतो, डॉक्टर. मनात असं होतं की पोरगी येईल, पाणी घालेल, संत्री ठेवेल, समाधानानं परत जाईल. तिला कोण सांगायला जातंय? गाव सांगेल, हे त्या क्षणी डोक्यातसुद्धा आलं नाही. अर्धी रास झाली आणि मला दिसलं की मी काय करतोय. खाली काहीही नसलेल्या दगडांपुढं तुमच्या मुलीला वाकायला लावणार होतो. तुमच्या वडलांच्या वरचे निदान दगडच तेवढे गेले होते. मी तर तुम्हालाच घालवलं होतं. मी ते दगड एकेक करून लांब फेकले. चुलतभाऊ मेंढरांमागून ओरडला, "काय रं मारुती, साप हाय का?" मी म्हणालो, "हाय."

तुमचे उपकार मोजत बसत नाही. आईचं हसू, ते राजस्थानातलं अर्धं संत्रं, माझ्यासारख्या मुक्या माणसाशी वर्षानुवर्षं बोलत राहणं. त्याबद्दल तुम्ही जिवंत असताना मी एकदाही आभार मानले नाहीत, आता मानतो. माफी मागत नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि तुमच्याकडून मी पुष्कळ घेतलंय.

माझ्याकडून तुम्हाला एक पत्ता येणं होतं. तो मी पाण्यात सोडला आणि आता कुठूनही आणता येणार नाही, ते देणं माझ्या डोक्यावर तसंच राहणार. दुसरं देणं लिलीचं आहे. तिला संभाजीनगरच्या विमानतळावरून आणायला मीच जाणार आहे. गाडी परळीत शिरायच्या आधी, अण्णांनी विचारलं होतं आणि मी "न्हाई" म्हणालो होतो, हे तिला माझ्या तोंडानं सांगायचं मी देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.

— मारुती